पुलाचा नमुना : करावा कसा, मोडावा कसा

स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदविकेला किंवा पदवीला शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना बऱ्याच ठिकाणी एक काम दिले जाते. आइस्क्रीमच्या काड्या आणि फेव्हिकॉल एवढ्याच साहित्यात पुलाचा लहान नमुना तयार करावयाचा, त्यावर ठरावीक वजन टांगून दाखवावयाचे आणि तोंडी परीक्षेत प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. काम दिसायला खेळातले वाटते. म्हणूनच की काय, पुष्कळ मुले ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग कॉलेजच्या आसपासच्या दुकानातून तयार नमुना विकत आणतात. रंगवलेला, कठडे लावलेला, खाली निळ्या कागदाची नदी असलेला असा तो नमुना टेबलावर फार शोभून दिसतो. परंतु परीक्षकाने एका काडीवर बोट ठेवून "ही काडी काय काम करते?" असे विचारले की विकत घेतलेला पूल तिथेच संपतो.

आपल्या वस्तीतील बहुतेक मुलांच्या घरी विचारायला कोणी इंजिनिअर नसतो. दुसऱ्या मुलांना वडील, मामा, थोरला भाऊ सांगतात. आपल्यांना दुकानदार सांगतो. ही अडचण लक्षात घेऊन, संस्थेच्या अभ्यासिकेत येणाऱ्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षातील चार विद्यार्थ्यांबरोबर आम्ही हा नमुना प्रत्यक्ष करून पाहिला. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नव्हे हे आधीच सांगून टाकतो. मात्र हिशोब जुळविणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे, आणि पुलाचे गणित हे बऱ्याच अंशी हिशोब जुळविण्याचेच गणित आहे, असे पुस्तके चाळताना आमच्या ध्यानात आले.

प्रथम नमुना कशासाठी करतात ते पाहू. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी नव्हे. नमुना करतात तो मोडून पाहण्यासाठी. याचे सर्वांत चांगले उदाहरण ब्रिटनमधील वेल्स प्रांतातले आहे. मेनाई नावाच्या सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांना रेल्वेचा पूल बांधावयाचा होता. मधले दोन गाळे प्रत्येकी ४६० फुटांचे. लोखंडी पत्र्याची प्रचंड चौकोनी नळी करावयाची आणि गाडी तिच्या पोटातून न्यावयाची, अशी कल्पना. एवढी मोठी नळी तोपर्यंत कोणी केलेली नव्हती, त्यामुळे तिचे गणित पुस्तकात मिळण्यासारखे नव्हते. मग विल्यम फेअरबर्न यांनी लंडनमधील आपल्या जहाजांच्या कारखान्यात एक षष्ठांश मापाचा, म्हणजे ७५ फूट गाळ्याचा नमुना तयार केला. त्यांच्या मदतीला ईटन हॉजकिन्सन हे गणिती होते. हे फेअरबर्न शेतमजुराचे पुत्र, कोळशाच्या खाणीवर उमेदवारी करून वर आलेले. आणि हॉजकिन्सन यांच्या घरचे गहाणवटीचे दुकान होते. (आमच्या धंद्याशी थोडे नाते निघाले म्हणून हे मुद्दाम नोंदवले.)

नमुन्यावर वजन टांगले. सुमारे ३५ टनांना तो तळाकडच्या बाजूस फाटला. तो त्यांनी टाकून दिला नाही. जिथे फाटला तिथे पत्रा वाढवला आणि पुन्हा वजन चढवले. पुन्हा मोडला, दुसऱ्या जागी. पुन्हा दुरुस्ती. असे करता करता तोच नमुना अखेर ८६ टनांपर्यंत गेला. लोखंडात भर फारशी पडली नव्हती, परंतु ती नेमकी जिथे हवी तिथे पडली होती. या ज्ञानावर उभा राहिलेला ब्रिटानिया पूल १८५० साली सुरू झाला. आपल्या काड्यांच्या पुलाचे काम हेच आहे. फक्त टनांच्या जागी किलो.

आता रचनेकडे वळू. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यांत टाचण्या टोचा. बोटाने ढकलला की तो तिरपा होऊन पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. तो ढकलला तरी आकार सोडत नाही. सोडावयाचा तर एखादी काडीच मोडावी किंवा लांब व्हावी लागेल. त्रिकोणांची ही रांग म्हणजे ट्रस. आपले सुतार छपराखालच्या ट्रसला कैची म्हणतात. रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहताना कधी मान वर करून छपराकडे पाहा, त्रिकोणच त्रिकोण दिसतील. ट्रसचे अनेक प्रकार आहेत. आम्ही वॉरन ट्रस निवडला. जेम्स वॉरन यांनी १८४८ साली याचे पेटंट घेतले होते. यात उभ्या काड्या नसतात; समभुज त्रिकोण एकाआड एक सुलट-उलट बसवलेले असतात. आमचे कारण अगदी व्यवहारी होते. सगळ्या बाजू सारख्या, त्यामुळे एक बाजू म्हणजे एक काडी. कापाकापी नाही.

बाजारात मिळणारी काडी साधारण ११.४ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद आणि २ मिलिमीटर जाड असते. दोन्ही टोकांना सांध्यासाठी थोडी जागा सोडली की सांध्यापासून सांध्यापर्यंत १० सेंटिमीटर मिळतात. खाली अशा चार काड्या एका ओळीत, म्हणजे गाळा ४० सेंटिमीटरचा. वर तीन काड्या. मध्ये आठ तिरप्या. एका ट्रसमध्ये एकूण पंधरा. खालचे सांधे पाच, वरचे चार, मिळून नऊ. येथे एक ताळा आहे. सांध्यांची दुप्पट करून त्यातून तीन वजा करा : अठरा वजा तीन, पंधरा. काड्या बरोबर तितक्याच आहेत. कमी भरल्या असत्या तर पूल कुठेतरी चौकोनासारखा लुळा पडला असता. जास्त भरल्या असत्या तर साध्या हिशोबाने प्रत्येक काडीचे बळ काढता आले नसते. असे दोन ट्रस समोरासमोर उभे करून जोडले की पूल झाला.

आता हिशोब. अट अशी धरू की पुलाच्या मधोमध ४० किलो टांगावयाचे आहेत. ट्रस दोन, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला २० किलो. वजन मध्यावर असल्याने दोन्ही टोकांचे आधार प्रत्येकी १० किलो उचलतात. (शास्त्राप्रमाणे बळ न्यूटनमध्ये मोजतात. जर्नलमध्ये लिहिताना प्रत्येक आकडा ९.८१ ने गुणून लिहावा. येथे समजण्याच्या सोयीसाठी किलोच ठेवले आहेत.)

बँकेत दिवसअखेर रोखपालाची कॅश जुळावी लागते. जमा किती, नावे किती आणि पेटीत किती, यात फरक निघाला तर तो सापडेपर्यंत कोणी जागेवरून हलत नाही. ट्रसमधील प्रत्येक सांधा हा असाच एक रोखपाल समजा. त्याच्या वहीत दोनच खाती आहेत : एक उभे आणि एक आडवे. वर ढकलणारी बळे आणि खाली ढकलणारी बळे सारखी हवीत. डावीकडची आणि उजवीकडची सारखी हवीत. जुळली नाहीत तर सांधा जागेवरून हलेल, म्हणजे पूल पडेल. काम नेहमी अशा सांध्यापासून सुरू करावे की जिथे न कळलेल्या काड्या दोनच आहेत.

खालच्या सांध्यांना डावीकडून १ ते ५ आणि वरच्यांना ६ ते ९ असे क्रमांक द्या. वजन मधल्या सांध्यावर, म्हणजे ३ वर आहे. कागद-पेन्सिल जवळ घेऊनच पुढचे वाचावे ही विनंती.

सांधा १ : आधार येथे १० किलो वर उचलतो. ते खाली दाबून फेडणारी काडी एकच, तिरपी १-६. ती साठ अंशांत उभी आहे. साठ अंशांतल्या काडीच्या बळापैकी ०.८६६ भाग उभ्या खात्यात जातो आणि ०.५ भाग आडव्या खात्यात. म्हणून तिच्यातील बळ १० भागिले ०.८६६, म्हणजे ११.५५ किलो. ही काडी दाबाखाली आहे. तिचा निम्मा, ५.७७ किलोचा आडवा रेटा सांध्याला बाहेर ढकलतो. त्याला आत ओढून धरते खालची काडी १-२. तिच्यात ५.७७ किलो ताण.

सांधा ६ : तिरपी १-६ याला वर आणि उजवीकडे रेटते. वर वजन काहीच नाही, म्हणून खाली ओढणारी काडी हवी. ती ६-२, ताण ११.५५. तिचाही निम्मा उजवीकडेच ओढतो. दोन्हींचे मिळून उजवीकडे ११.५५ झाले. हे परत डावीकडे ढकलते वरची काडी ६-७, दाब ११.५५ किलो.

सांधा २ : काडी ६-२ याला वर ओढते, म्हणून २-७ ने खाली दाबले पाहिजे, दाब ११.५५. आडव्या खात्यात डावीकडे ५.७७ अशा तीन रकमा जमतात : १-२ ची, ६-२ ची आणि २-७ ची. तीन मिळून १७.३. तेवढा ताण २-३ या काडीत.

सांधा ७ : याच रीतीने काडी ७-३ मध्ये ११.५५ ताण आणि वरच्या मधल्या काडीत, ७-८ मध्ये, २३.१ किलो दाब.

उजवी बाजू डावीसारखीच. आता ताळेबंद. सांधा ३ वर ७-३ आणि ८-३ या दोन काड्या वर ओढतात. ११.५५ गुणिले ०.८६६ म्हणजे १०, दोघींचे २०. खाली टांगलेले वजनही २०. जमले. आणखी एक ताळा हवा असेल तर पूल मधोमध कापल्याची कल्पना करा. टोकाच्या आधाराचे १० किलो गुणिले मध्यापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर, म्हणजे २००. त्याला ट्रसच्या उंचीने, ८.६६ ने, भागा. उत्तर २३.१. वेगळ्या वाटेने गेलो तरी वरच्या मधल्या काडीचा तोच आकडा आला. आमच्या चौघांपैकी ज्याला गणिताची सर्वांत जास्त भीती वाटत होती, त्याने हा दुसरा ताळा स्वतःहून तीनदा करून पाहिला आणि दर वेळी तेच उत्तर आल्यावर हसू लागला. आम्हाला त्या संध्याकाळी याहून जास्त काही मिळवावयाचे नव्हते.

पण हिशोबाने अजून निम्मेच काम झाले. कोणत्या काडीवर किती बोजा हे कळले. काडी तो पेलेल का हा प्रश्न उरतो. ताणाखालच्या काडीची काळजी नाही. काडी ओढून तोडून पाहा, हाताने तुटणार नाही. १७ किलो ती सहज घेते. दाबाखालच्या काडीची गोष्ट वेगळी. काडी उभी धरून वरून बोटाने दाबा. ती चुरडत नाही, तुटतही नाही. एका क्षणी पोटातून बाजूला फुगते आणि मग काही पेलत नाही. याला बकलिंग म्हणतात. याचे सूत्र लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली मांडले. काडी जितकी लांब तितकी ती लवकर फुगते, तेही लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. लांबी दुप्पट झाली तर शक्ती चौथा हिस्सा. उलट जाडी वाढवली तर शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते.

या सूत्राने १० सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड अशी एक काडी साधारण साडेसहा-सात किलोंना फुगते. लाकडाच्या जातीप्रमाणे थोडा फरक पडेल, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर काडी उभी दाबून स्वतः पाहावे. आपल्या पुलात दाबाखालच्या काडीवर कमीत कमी ११.५५ आणि जास्तीत जास्त २३.१ किलो येतात. म्हणजे एकेरी काडी पुरणार नाही. मग दोन घ्या. नुसत्या शेजारी ठेवल्या तर शक्ती दुप्पट, तेरा-चौदा किलो. पण दोन्ही अंगभर फेव्हिकॉल लावून एकजीव चिकटवल्या तर जाडी ४ मिलिमीटर झाली, आणि दोनाचा घन आठ. शक्ती आठपट, पन्नास किलोंच्या वर. काड्या त्याच दोन. एकत्र बांधल्या आणि न बांधल्या यातला हा फरक. आम्ही स्वतः हे काट्यावर करून पाहिले तेव्हाच आमचा विश्वास बसला.

चौघांत एक विद्यार्थिनी आहे. तिचे वडील गवंडीकाम करतात. तिने घरी काडी दाबून दाखवली तर ते म्हणाले, "पोरी, यात नवीन ते काय? स्लॅबखाली उंच टेकू लावला की मधोमध आडवा बांबू बांधतोच की आम्ही. नायतर वर माल पडला की टेकू पोटात फुगतो." दुसऱ्या दिवशी तिने आम्हाला विचारले, "काका, मधोमध बांधला म्हणजे लांबी निम्मी झाली ना? मग शक्ती चौपट." बरोबर चौपट. हे तिने जर्नलमध्ये लिहावे, वडिलांच्या अनुभवाचा उल्लेख करून लिहावे, असा आम्ही आग्रह धरला. तिला आधी संकोच वाटला. परंतु आमचे स्पष्ट मत असे की ज्याने वीस वर्षे टेकू लावले त्याच्याकडून आलेले ज्ञान हे ज्ञानच आहे, आणि ते लपवून ठेवण्याचे काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष कृती. हे थोडक्यात सांगतो, कारण हात चालू लागले की आपोआप समजते. आलेख कागदावर ट्रसचे पूर्ण मापाचे चित्र काढावे. त्यावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद अंथरावा म्हणजे डिंक खाली चिकटत नाही. दोन्ही ट्रस त्याच चित्रावर करावेत म्हणजे तंतोतंत सारखे होतात. वाकड्या काड्या आधीच बाजूला काढाव्यात. शंभराच्या पाकिटात बऱ्याच निघतात. सांध्याची जागा पॉलिश पेपरने घासावी. डिंक जास्त ओतून उपयोग नाही, पातळ सारखा थर पुरे, पण चिकटवल्यावर दाबून धरणे महत्त्वाचे. त्यासाठी कपडे वाळत घालायचे चिमटे उत्तम. प्रत्येक सांध्यावर अर्ध्या काडीचा तुकडा पाटीसारखा लावावा. आणि चोवीस तास हात लावू नये. हा चोवीस तासांचा नियम मुलांना सर्वांत जड जातो.

दोन ट्रसमधले अंतर पाच सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावे, म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तिरप्या काड्याही एका काडीत बसतात. या आडव्या-तिरप्या जोडण्या पुष्कळजण शोभेच्या समजून गाळतात. बाजूने पाहिला तर पूल पूर्ण दिसतो ना! परंतु वरच्या काड्या दाबाखाली आहेत आणि त्यांना बाजूला पळायचे असते. वरच्या सांध्यांना एकमेकांशी बांधले नाही तर अख्खा वरचा भाग सापासारखा वळतो आणि पूल आडवा पडतो. दाबाच्या काड्या दुहेरी, ताणाच्या एकेरी, जोडण्या धरून साठ-पासष्ट काड्यांत काम होते. आमच्या पुलाचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरले.

मोडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही चौघांना एकेक चिठ्ठी दिली. पूल किती किलोंना आणि कुठे मोडेल ते लिहून, घडी करून द्यावयाचे. ही गोष्ट करायला विसरू नये. मोडल्यानंतर कारण सांगणे सोपे असते.

दोन बाकांमध्ये अंतर ठेवून पूल बसवला. आधार बरोबर टोकाच्या सांध्याखाली यायला हवा, काडीच्या मध्यावर नव्हे. मधल्या सांध्यांवर लोखंडी गज आडवा ठेवून त्याला दोरी बांधली. वजने तालमीतून आणली, पाच-पाच किलोंच्या चकत्या. खाली जुनी गादी. चकत्या जमिनीपासून वीतभरच वर राहतील एवढीच दोरी ठेवावी, आणि पाय दूर. एकेक चकती लावून मिनिटभर थांबावयाचे आणि पुलाकडे चारही बाजूंनी पाहावयाचे. चाळीस झाले. टाळ्या झाल्या. त्यानंतरच्या चकत्यांना मात्र कोणी बोलत नव्हते. पंचावन्नला बारीक आवाज आला. साठला, चकती लावून हात काढताच, तळाच्या २-३ या काडीचा मधला सांधा उघडला आणि पूल गादीवर आला.

तीन चिठ्ठ्यांत वरची मधली काडी फुगेल असे लिहिले होते; तिच्यावर बोजा सर्वांत जास्त, त्यामुळे तर्क रास्तच. गवंड्याच्या मुलीने "खालचा मधला सांधा" असे लिहिले होते. विचारले तेव्हा म्हणाली, "काडी आपण मोजली, डिंक कुठे मोजला?" आम्ही सांधा उजेडात धरून पाहिला. अशा वेळी काय पाहावे ते सांगतो. उघडलेल्या जागी लाकडाचे तंतू उपटलेले दिसले तर डिंकाने आपले काम केले, लाकूडच हरले. जागा गुळगुळीत आणि चकचकीत दिसली तर डिंक नीट बसलाच नव्हता. आमच्या सांध्याचा निम्मा भाग चकचकीत होता. त्या जागी पाटी दोन्ही बाजूंनी लावून पूल पुन्हा जोडला आहे आणि पुन्हा मोडावयाचा आहे.

शंभर ग्रॅमच्या पुलाने साठ किलो घेतले, म्हणजे स्वतःच्या सहाशेपट. हावड्याचा पूल स्वतःच्या सहाशेपट घेत नाही. मग आमचा पूल श्रेष्ठ का? मुलांनी हा प्रश्न विचारला आणि परीक्षकही विचारू शकतात. उत्तर गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात देऊन ठेवले आहे. वस्तू सर्व बाजूंनी शंभरपट मोठी केली तर तिचे वजन शंभराच्या घनाने, म्हणजे दहा लाखपट वाढते. तिची शक्ती मात्र काडीच्या छेदावर, म्हणजे वर्गावर अवलंबून. ती दहा हजारपटच वाढते. म्हणून आमचा पूल शंभरपट करून ४० मीटरचा केला तर तो स्वतःच्या सहाशेपट नव्हे, सहापटच घेईल. हजारपट करून ४०० मीटरचा केला तर ०.६ पट. वजन एका जागी न टांगता सगळ्या लांबीवर पसरलेले असते म्हणून दुप्पट सवलत दिली तरी तो स्वतःलाच जेमतेम पेलील. त्यावर माणूस चढवण्याची सोय नाही. १९४३ साली सुरू झालेल्या हावडा पुलाचा मधला गाळा ४५७ मीटरचा आहे. त्याला सुमारे २६,५०० टन पोलाद लागले आणि त्यातले सुमारे २३,००० टन टाटांच्या कारखान्याचे. मोठ्या पुलात पहिला बोजा गाड्यांचा नव्हे, पुलाचा स्वतःचा असतो.

हे विसरल्याने काय होते ते कॅनडात घडले आहे. क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पूल बांधला जात होता. सल्लागार थिओडोर कूपर हे त्या काळातले नामवंत इंजिनिअर. गाळा आधी १६०० फुटांचा ठरला होता, तो वाढवून १८०० फूट केला. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा अंदाज मात्र जुनाच राहिला. खरे वजन बरेच अधिक आहे हे कळले तेव्हा पुष्कळ पोलाद तयार होऊन गेले होते, आणि काम तसेच पुढे चालू राहिले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये जागेवरच्या निरीक्षकाला दाबाखालचा एक तळाचा भाग बाजूला फुगलेला दिसला. त्याने मोजला, दोन इंचांच्या वर फुगवटा. तो भाग म्हणजे चार पोलादी फळ्या, एकमेकींना जाळीच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. पट्ट्या अपुऱ्या होत्या. आपल्या भाषेत, काड्या होत्या पण डिंक कमी होता. निरीक्षक स्वतः न्यूयॉर्कला कूपर यांच्याकडे गेला. कूपर यांनी पुलावर आणखी वजन चढवू नका अशी तार केली, पण तिचा परिणाम पुलावरच्या कामापर्यंत पोहोचला नाही. २९ ऑगस्टला, दिवसाचे काम संपत आले असताना, सगळा सांगाडा नदीत गेला. पुलावर ८६ कामगार होते. ७५ मेले. त्यांतले तीसहून अधिक काह्नवाके या मोहॉक आदिवासी वस्तीतले होते, एकाच गावचे. पूल १९१७ साली पुरा झाला. त्याआधी १९१६ मध्ये मधला भाग उचलताना पडून आणखी १३ माणसे गेली होती.

आकडे ज्यांनी मांडले ते पुलावर नव्हते. आपल्यातली जी मुले उद्या आराखड्यावर सही करणार आहेत, त्यांतल्या कित्येकांचे वडील आणि चुलते आज टेकूखाली उभे राहून काम करतात. म्हणून काडी मोजताना कंटाळा नको.

जर्नलमध्ये काय लिहावे असे मुले विचारतात. चित्र, पंधराही काड्यांची बळे ताण-दाबासह, कोणती काडी दुहेरी आणि का, मोडण्याआधीची चिठ्ठी, मोडल्याचे वजन, मोडलेल्या सांध्याचे छायाचित्र. पूल मोडला हे लपवू नये. कुठे मोडला हे न लिहिणाऱ्याला गुण कमी मिळाले तर ते योग्यच होईल. इंग्रजीत लिहिणे जड वाटत असेल तर आधी मराठीत लिहून घ्यावे, भाषांतर नंतर सगळे मिळून करता येते. दुरुस्त केलेला पूल अभ्यासिकेच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवला आहे. रविवारी सकाळी दहानंतर आम्ही तेथे असतो. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी पाहावा, पण उचलताना दोन्ही टोकांकडून उचलावा. तालमीतल्या चकत्या परत केल्या आहेत. पुढच्या वेळी त्या पुन्हा मागून आणाव्या लागतील आणि त्यासाठी दोन धट्टेकट्टे विद्यार्थी हवे आहेत.